आमच्या कथा वाचा, लेखकाचा दाखला मागू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) लेखकांच्या साहित्यावर आलेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. लेखकानं आत्मकथनांची दखल आदरानं घेतली आहे, त्याबद्दल त्यांचे आणि आपले आभार. पण लेखाच्या शेवटी असं म्हटलं आहे की, या समाजाकडून आत्मकथनं आली, थोडी कविताही आली, कथा मात्र अजून यायची आहे. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. कथा आलेली आहे. पंधराएक वर्षं तरी ती येते आहे. ती छापली गेली नाही, म्हणून आपल्यापर्यंत पोचली नाही.

मी मिरजेत डीटीपी आणि मुद्रितशोधनाचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, देवस्थानांची पावतीपुस्तकं आणि पावसाळा सरता सरता दिवाळी अंक, असं माझं वर्ष जातं. मी पारलिंगी स्त्री आहे. दुकानाचं शटर खाली ओढल्यावर माझं दुसरं काम सुरू होतं. ठाण्याचा एक सहकारी, पुण्याची एक सहकारी आणि मी, असे तिघं मिळून आमच्या लोकांनी इंटरनेटवर लिहिलेल्या मराठी कथा गोळा करतो आहोत. त्यातल्या उत्तम वीस-बावीस कथांचं पुस्तक करायचं आहे.

या कथा इतके दिवस होत्या कुठे, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. आधी ऑर्कुटवर होत्या, याहूच्या गटांमध्ये होत्या, कुणाकुणाच्या ब्लॉगवर होत्या. नंतर फेसबुकवरच्या बंद गटांत आल्या, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. सुरुवातीच्या बहुतेक कथा रोमन लिपीत टाइप केलेल्या मराठीत आहेत, कारण सायबर कॅफेतल्या यंत्रावर मराठी अक्षर उमटत नसे. ज्याला बरहा किंवा गमभन ही मराठी टाइप करायची साधनं वापरता येत, त्याच्याकडे बाकीचे आपलं लिखाण देवनागरीत करून मागत. कथा भागाभागांनी येत. अर्ध्या तासाचे पैसे भरलेले असत, पाठीमागे कुणीतरी खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहत असे, मालकाची नजर स्क्रीनवर असे. त्या काळातल्या कथांचे भाग आखूड आहेत, प्रत्येक भाग घाईनं तोडलेला आहे आणि त्या घाईतून एक विलक्षण नेमकी शैली तयार झाली आहे. पुढे लॅपटॉपवर निवांत बसून लिहिणाऱ्यांना ती साधलेली मला तरी दिसत नाही.

हे सगळं किती झपाट्यानं नाहीसं होतं, हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसतं. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. याहूनं 2020 च्या सुरुवातीला आपल्या गटांमधला जुना मजकूर पुसला आणि त्याच वर्षी 15 डिसेंबरला गटही बंद केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हनं पुष्कळ जुनी पानं जपून ठेवली आहेत, काही ब्लॉग आम्हाला तिथेच मिळाले. पण पासवर्डच्या आड असलेले गट तिथे नाहीत आणि आमचं लिखाण बहुतेक पासवर्डच्या आडच होतं. शिवाय कंपन्यांनी पुसलं त्याहून जास्त आम्ही स्वतः पुसलं. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जिवंत केलं, त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या किती जणांनी आपलं लिखाण काढून टाकलं याचा हिशेब लागत नाही. घरी फोन तपासला जाईल, पोलीस विचारतील, नोकरी जाईल, अशी भीती होती आणि ती खोटी नव्हती. 6 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयानं हे संबंध गुन्ह्यातून वगळले, त्या निकालानंतर काही लोक परत लिहिते झाले. पुसलेलं परत आलं नाही.

म्हणून पुस्तक हवं. आपल्याकडे 1954 चा एक कायदा आहे. त्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते. सायबर कॅफेच्या अर्ध्या तासात लिहिलेली कथा मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात नोंदली जाईल, पन्नास वर्षांनी कुणी विद्यार्थी ती मागवील आणि ती मिळेल, एवढी माझी इच्छा आहे.

आता आत्मकथनांविषयी. त्यांचं मोल मी जाणते. ए. रेवती यांनी 2004 साली तमिळमध्ये आपल्या समाजातल्या अनेकींच्या जीवनकहाण्या एकत्र केल्या आणि 2010 साली त्यांचं स्वतःचं आत्मकथन इंग्रजीत आलं. मराठीत 2012 साली लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' आलं. मिरजेसारख्या गावात ते पुस्तक ग्रंथालयातून घरी नेणं हीसुद्धा माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. साहित्य अकादमीनं 2018 च्या जुलैमध्ये कोलकात्यात पारलिंगी कवींचं संमेलन घेतलं, तेव्हा आम्ही कुणीही तिथे नव्हतो तरी आमचे फोन दिवसभर वाजत होते. पण आत्मकथनाची एक अट असते. जे घडलं तेच सांगायचं. मार, घर सोडणं, गुरू, रस्ता, शस्त्रक्रिया, कार्यालयातले हेलपाटे. वाचक तेच ऐकायला येतो, ऐकून हळहळतो आणि पुस्तक मिटतो. आमच्यापैकी कुणाला भुताची गोष्ट लिहावीशी वाटते, कुणाला पुढच्या शतकातलं सोलापूर लिहावंसं वाटतं, कुणाला दोन म्हाताऱ्या जावांमधलं भांडण लिहावंसं वाटतं, याला त्यात जागा नाही.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. बाबूराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 चा. दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन 1978 चं. कथा पंधरा वर्षं आधी आली होती. तरी आज दलित साहित्य म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी आत्मकथनच आठवतं. बागूलांनी वास्तवाला जो आकार दिला, वाक्यांत जो दाह भरला, तो घडलेलं जसंच्या तसं सांगून येत नाही. तो रचावा लागतो. आमच्या लोकांनीही रचलं आहे. ते रचलेलं म्हणून वाचलं जावं.

इंग्रजीत हे काम झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या टॉपसाइड प्रेस या छोट्या प्रकाशनानं 2012 साली पारलिंगी लेखकांच्या कथांचं 'द कलेक्शन' हे पुस्तक काढलं आणि पुढच्या वर्षी त्याला लॅम्बडा हा समलिंगी-पारलिंगी साहित्याचा पुरस्कार मिळाला. 2017 साली त्यांनीच विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचं 'मीनव्हाइल, एल्सव्हेअर' काढलं. कॅट फिट्झपॅट्रिक आणि केसी प्लेट या त्याच्या संपादक. पुढे टॉपसाइड बंद पडलं आणि ते पुस्तक बाजारात मिळेनासं झालं, तेव्हा या दोघींनी लिटलपस प्रेस नावाचं स्वतःचं प्रकाशन सुरू करून 2021 मध्ये ते पुन्हा आणलं. टोरी पीटर्स या पारलिंगी लेखिकेनं 2016 साली आपल्या लघुकादंबऱ्या कुणा प्रकाशकाची वाट न पाहता स्वतःच काढल्या आणि इंटरनेटवर वाचायला मोकळ्या ठेवल्या. 2021 साली तिची कादंबरी ब्रिटनच्या विमेन्स प्राइझच्या लांब यादीत गेली, आणि त्या जुन्या लघुकादंबऱ्या 2025 मध्ये मोठ्या प्रकाशनाच्या पुस्तकात आल्या. ही पुस्तकं मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. त्यातली सगळ्यात मोठी शिकवण माझ्या मते ही की, संपादकांनी एकाही कथेला आपलं दुःख सिद्ध करायला लावलेलं नाही.

आमच्या निवडीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण 'उत्तम' म्हणजे काय यावर आम्ही तिघं कडाक्याचे भांडलो आहोत.

इंटरनेटवरच्या पारलिंगी कथांमध्ये, मराठीत काय आणि इंग्रजीत काय, सगळ्यात जास्त भरणा रूपांतराच्या कथांचा असतो. नायक सकाळी उठतो आणि आरशात मुलगी असते. औषध, शाप, साधूचा वर, प्रयोगशाळेतली चूक, कारण काहीही असो. साहित्याच्या दरबारात या कथांना कुणी उभं करणार नाही. पुण्याच्या सहकारीचं म्हणणं होतं की, त्या सरसकट वगळाव्यात. मला ते पटलं नाही. शस्त्रक्रियेचा खर्च ज्याला परवडणार नाही, ज्याला घरात साडीला हात लावता येत नाही, त्यानं एका रात्रीत सगळं बदलल्याची गोष्ट लिहिली तर ती गरजेपोटी लिहिली आहे, आणि गरजेपोटी लिहिलेल्यात कधी कधी असं काही सापडतं जे ठरवून लिहिणाऱ्याच्या हाती लागत नाही. अशा कथांच्या ढिगातून आम्ही एक घेतली आहे. तिच्यात बदल झाल्यावर नायिका आनंदानं नाचत नाही. ती आधी आईचं रेशनकार्ड शोधते, कारण आपलं नाव आता त्यावर कसं लागणार याची तिला काळजी पडते. त्या एका प्रसंगासाठी मी ती कथा कुठेही पुढे ठेवीन.

शिखंडी आणि बृहन्नडा यांच्यावरच्या कथांचाही मोठा गठ्ठा झाला. त्यांतली आम्ही एकही घेतली नाही. महाभारतात आपल्याला जागा होती हे सांगण्याची ओढ मी समजू शकते, मी स्वतः तशी कथा लिहिली होती. पण त्या कथांमध्ये व्यासांची सावली इतकी दाट आहे की लिहिणाऱ्याचा आवाज ऐकूच येत नाही. शेवटी आत्महत्या असलेल्या कथांबद्दल आम्ही सरसकट नियम केला नाही, पण जिथे मरण हा केवळ कथा संपवायचा सोपा रस्ता होता, तिथे ती बाजूला ठेवली. आमच्यात खरोखर मेलेले लोक आहेत. त्यांच्या मरणाचा असा वापर मला सहन होत नाही.

सगळ्यात मोठा वाद एका द्राक्षबागेवरून झाला. तासगावकडच्या एका पारलिंगी पुरुषानं लिहिलेली कथा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू होते आणि पुढे शेडमधल्या बेदाण्यावर अवकाळी पाऊस येतो तिथे संपते. बाप, कर्ज, औषध फवारणीचा पंप, व्यापाऱ्याची पट्टी. कथेत एकही पारलिंगी माणूस नाही. ठाण्याच्या सहकाऱ्याचा प्रश्न असा की, मग ही आपल्या पुस्तकात कशाला? माझं उत्तर असं की, याच कथेसाठी हे पुस्तक आहे. या माणसाला द्राक्षं माहीत आहेत, बाप माहीत आहे, गप्प राहणारं घर माहीत आहे आणि त्याला तेच लिहायचं आहे. त्यानं दर वेळी आपल्या शरीराबद्दलच लिहावं अशी सक्ती आम्हीच केली तर बाहेरच्यांना कोणत्या तोंडानं बोलायचं? अखेर ती कथा घेतली.

आम्ही कथा वाचतो त्या मोठ्यानं. रविवारी सकाळी तिघं फोनवर असतो, लेखकाचं नाव वाचणाऱ्यालाच माहीत असतं, आणि निवृत्त झालेल्या एक मराठीच्या शिक्षिका चौथ्या श्रोत्या म्हणून बसतात. त्या आमच्यातल्या नाहीत आणि म्हणूनच त्या हव्या होत्या. मोठ्यानं वाचलं की खोटं वाक्य लगेच कानाला टोचतं.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे आडवी आली. मराठीत 'मी' म्हणून बोलणारा माणूस क्रियापदातून स्त्री की पुरुष ते उघड करतो. गेलो, गेले. बसतो, बसते. प्रूफ वाचणाऱ्याच्या हाताला सवय असते, एका पानावर 'आलो' आणि पुढच्या पानावर 'आले' दिसलं की लाल पेननं गोल करायचा. आमच्या कथांमध्ये ती चूक नसते, तिथेच कथा घडत असते. एका लेखिकेनं तर कमाल केली आहे. तिच्या कथेतली 'मी' भूतकाळात बोलते आणि लेखिका प्रत्येक वाक्यात कर्म आणते. मी दार लावलं. मी भाकरी थापली. मी पत्र फाडलं. अशा वाक्यात क्रियापद कर्मामागे जातं आणि बोलणारा कोण ते कळत नाही. बारा-तेरा पानं ती वाचकाला अशी घेऊन जाते, कुठेही अडखळल्यासारखं वाटत नाही, आणि शेवटच्या परिच्छेदात पहिल्यांदा म्हणते, 'मी निघाले.' या भाषेत जन्मलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. ज्या दिवशी ही कथा माझ्यापुढे आली त्या दिवशी पुस्तक करायचं हे माझ्या मनात पक्कं झालं.

काही कथा लिहिलेल्याच नव्हत्या. जत तालुक्यातल्या एक जोगतीण आहेत, अक्षरओळख नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून गोष्टी सांगतात. सौंदत्तीच्या वाटेवरच्या बैलगाड्या, यल्लम्माच्या रानात चुकलेली पोर, अशा त्या गोष्टी मनानं रचलेल्या असतात आणि त्यातली माणसं कधी मराठी बोलतात तर कधी कानडी. मी त्या ऐकून उतरवल्या. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मला तोंडपाठ आहेत, पोट त्यावर चालतं, पण इथे एकही नियम लावला नाही. त्या 'म्या' म्हणाल्या तिथे 'म्या' आहे. कानडी वाक्य आहे तिथे कानडी वाक्य देवनागरीत आहे, अर्थ संदर्भातून लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला फार राग आहे ती सांगते. पुस्तकाची गोष्ट घेऊन आम्ही एका प्रकाशकांकडे गेलो. त्यांना कथा आवडल्या, असं ते म्हणाले. मग त्यांनी प्रत्येक लेखकाचा फोटो, जन्मनाव आणि संघर्षाच्या चार ओळी मागितल्या. वर असंही सुचवलं की, सगळे खरोखर पारलिंगी आहेत याचा जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला आमच्याकडे असलेला बरा, उद्या कुणी विचारलं तर? मी त्यांचं नाव घेणार नाही, कारण हा एकट्या त्यांचा विचार नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या निकालात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि इथे एका कथेसाठी आम्ही दाखला आणायचा? आमच्या लेखकांत बँकेत काम करणारा आहे, अंगणवाडीत काम करणारी आहे, लग्न होऊन दोन मुलं असलेली व्यक्ती आहे. फोटो छापला तर संसार मोडेल. मानधन द्यायचं म्हटलं तरी यूपीआयवर बँकेतलं जुनं नाव झळकतं, म्हणून काही जणांना आम्ही पाकिटातून रोख देणार आहोत.

टोपणनाव हे मराठीला नवीन आहे का? 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावानं आला. शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांच्या मनातलं त्यात इतकं उघड होतं की महाराष्ट्रभर काहूर उठलं आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. ह. वि. मोटे यांनी ते पुस्तक काढलं होतं आणि नाव पोटात ठेवलं. त्या बाई मालतीबाई बेडेकर होत्या हे जगाला पुढे कळलं. मोट्यांनी तेव्हा लेखिकेचा फोटो आणि संघर्षाच्या चार ओळी मागितल्या असत्या तर मराठी कथेतलं ते पुस्तक आपल्याला मिळालं नसतं.

आणि ओळख मागण्याचं टोक काय असतं हे अलीकडेच अमेरिकेत दिसलं. 2020 च्या जानेवारीत क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकात इझाबेल फॉल या नावानं एक कथा आली. पारलिंगी लोकांची टवाळी करायला वापरला जाणारा एक विनोद तिनं शीर्षकात घेतला होता आणि त्यातूनच गंभीर कथा उभी केली होती. लेखिकेची माहिती जवळजवळ काहीच दिलेली नव्हती. इंटरनेटवर लोक तुटून पडले. ही खरी पारलिंगी आहे कशावरून, कुणी शत्रूच आपलं सोंग घेऊन लिहीत असेल, असे तर्क सुरू झाले आणि त्यात पारलिंगी वाचकही होते. ती खरोखर पारलिंगी स्त्री होती. तिनं कथा मागे घ्यायला सांगितलं आणि तिला मानसोपचारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. पुढच्या वर्षी तीच कथा ह्युगो या विज्ञानकथांच्या नामांकित पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. म्हणजे कथा चांगलीच होती. वाचण्याऐवजी लोकांनी दाखला मागितला. आमच्या एकाही लेखकावर ही वेळ येऊ द्यायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. पुस्तकात फोटो नसतील. ज्याला जे नाव हवं ते नाव छापलं जाईल. पुस्तक काढायला तयार असलेले दुसरे प्रकाशक आता भेटले आहेत आणि त्यांनी ही अट मान्य केली आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांनाही माझी विनंती आहे. आमची कथा पसंत पडली तर ती 'विशेष विभाग' अशी चौकट करून छापू नका. ती इतर कथांमध्येच, अनुक्रमणिकेत जिथे येईल तिथे येऊ द्या.

आता परवानगीबद्दल. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा इंटरनेटवर ठेवली म्हणून ती सगळ्यांची होत नाही. ती लेखकाचीच राहते आणि छापण्याचा हक्क लेखी घ्यावा लागतो. ज्यांचा पत्ता लागला त्यांच्याकडून आम्ही तसं घेतो आहोत. ज्यांचा लागत नाही त्यांच्यासाठी कायद्यात कलम 31-अ आहे. त्यानुसार आधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची आणि मग परवान्यासाठी अर्ज करायचा. मराठीत, टोपणनावानं, सायबर कॅफेतून लिहिणारी व्यक्ती इंग्रजी दैनिकातली ती जाहिरात कशी पाहणार? म्हणून आम्ही त्या वाटेनं जाणार नाही. लेखक सापडला नाही तर कथा घेणार नाही.

पण एका कथेसाठी माझा जीव तुटतो. आमच्याकडे जमलेल्या सगळ्या कथांमध्ये ती श्रेष्ठ आहे, असं आम्हा तिघांचं आणि आमच्या शिक्षिकाबाईंचंही मत आहे. म्हणून इंग्रजी दैनिकाऐवजी आपल्या दैनिकातून मी तिच्या लेखकाला हाक मारते आहे. आपण हे पत्र छापलंत तर मोठे उपकार होतील.

कथा ऑर्कुटवर, 2011 च्या सुमाराला, भागाभागांनी आली होती. आमच्याकडे तिचे तीन भाग एका मैत्रिणीनं तेव्हा काढून ठेवलेल्या स्क्रीनच्या चित्रांमध्ये आहेत. चौथा भाग नाही. कथेची पार्श्वभूमी 2005 च्या कृष्णेच्या महापुराची आहे. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या गावातल्या शाळेचं जनरल रजिस्टर चिखलात लगदा झालेलं सापडतं. हेडमास्तर नवं रजिस्टर बगलेत मारून घरोघर जातात आणि मुलांची नावं नव्यानं लिहून घेतात. सातवीतलं एक पोर ओट्यावर बसून कपडे वाळत घालणाऱ्या आजीकडे बघत असतं. मास्तर नाव विचारतात आणि ते पोर पुराआधीचं नाव सांगत नाही.

ही कथा लिहिणारी व्यक्ती हे वाचत असेल, किंवा तिला ओळखणारं कुणी वाचत असेल, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क करावा. माझं नाव आणि पत्ता आपल्याकडे आहे. जन्मनाव, आधार, फोटो, काही लागणार नाही. कथा ज्या टोपणनावानं टाकली होती ते मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते सांगावं आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी मास्तर रजिस्टर मिटताना आजीला काय म्हणतात ते सांगावं. तेवढं पुरेल. चौथा भाग जपून ठेवला असेल तर तो जसा असेल तसा पाठवावा, रोमन लिपीत असला तरी चालेल, वहीत असेल तर पानांचे फोटो चालतील. टाइप मी करीन. छापायचा नसेल तर तसं कळवावं, आम्ही छापणार नाही. आणि ती व्यक्ती आता हयात नसेल, तर ज्यांना हे माहीत आहे त्यांनी तेवढं तरी कळवावं.

आपली,
एक मुद्रितशोधक, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे आहे)